मोडलेलं मनगट आणि बंद केलेल्या गोळ्या

हडपसरला माझी जेवणाची मेस आहे. तिच्याच पायरीवरून घसरले, हातावर पडले आणि मनगट मोडलं. "सत्तेचाळिसाव्या वर्षी एवढ्याशा पडण्याने हाड मोडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हाडांची घनता तपासून यायला सांगितलं.

तपासणी केंद्रातल्या गृहस्थांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फाईलकडे.

"अहो, इथे स्त्री लिहू की पुरुष?"

"आधारकार्डावर काय आहे?"

"स्त्री. पण फाईलमध्ये ते ऑपरेशनचं..."

"म्हणजे वाचता येतंय आपल्याला. मग लिहा."

त्यांनी आतून आणखी दोघांना बोलावलं. तिघांनी मिळून फॉर्मवरच्या त्या एका चौकोनावर खल केला. हार्मोनच्या गोळ्या घेता का, कधी थांबवल्या, हे विचारायचं तिघांतल्या एकालाही सुचलं नाही.

अर्थात मला तरी कुठे सुचलं होतं? पुरुषाच्या शरीरात जन्मले, गोळ्या घेतल्या, शेवटी ऑपरेशन करून घेतलं. त्यानंतर आमच्यासारख्या बायकांच्या रविवारच्या बैठकीत एक अनुभवी बाई म्हणाली, "ताई, काढायचं ते काढून झालं. आता कशाला गोळ्या?" मटकीला मोड आलेत हे स्वतः पाहिल्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही. इथे मात्र लगेच मान डोलावली. चार वर्षं गोळीला हात लावला नाही, वर मिरवलं.

रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं विचारलं; चार वर्षं बंद आहेत म्हटल्यावर चष्मा काढला.

"ऑपरेशनमुळे शरीरात पुरुषाचे हार्मोन नाहीत, गोळ्या सोडल्याने बाईचेही नाहीत. हाडं टिकणार कशावर? गोळ्या बंद करायला कोणत्या डॉक्टरने सांगितलं?"

"डॉक्टर नव्हे. बैठकीतल्या बाईने."

"छान. मेसमधलं भाताचं पातेलं कोण उचलतं?"

"मीच."

"आता उचलाल तर मणका जाईल."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या रविवारी तीच अनुभवी बाई एका नुकतंच ऑपरेशन झालेल्या मुलीला तोच सल्ला देत होती. मी प्लास्टरचा हात दोघींच्या मध्ये ठेवला. "हिचं ऐकलं, त्याचं हे बक्षीस. सोमवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं." अनुभवी बाई रुसली. रुसू दे.

भात आता दोन लहान पातेल्यांत शिजतो. एक मोकळा होतो, एक गिचका.

"काकू, आज भात दोन तऱ्हेचा?" जेवणाऱ्यांपैकी एकाने विचारलं.

"हो. आवडेल तो घ्या. मोठं पातेलं आता चढणार नाही."