ज्योतीला मी भित्री ठरवलं

हे मी आजवर कुठे लिहिलं नाही, घरातही कुणाजवळ बोलले नाही. आज तुम्हाला सांगते.

धंतोलीत माझं समुपदेशन केंद्र आहे. नऊ वर्षांपूर्वी मोटार शर्यतीचा एक संघ आपल्यासाठी चालक निवडत होता. शेवटी दोघं उरले — खापा गावची ज्योती, आणि संघाच्या मालकाच्या मित्राचा मुलगा. दोघांचा स्वभाव पारखून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं.

ज्योती शर्यतीआधी रडायची. अगदी ओक्साबोक्शी. पण त्यावरून माणूस कळतो का? चाचणीच्या दिवशी एकाच वळणावर दोघांच्याही गाड्या घसरल्या. मुलगा उतरला तो टायरवर खेकसतच. ज्योती म्हणाली, "चूक माही आहे, मॅडम. ब्रेक उशिरा दाबला." पुढच्या फेरीत त्या वळणावरून ती सफाईने निघाली, तो पुन्हा घसरला. वेगाची हौस पुष्कळांना असते. आपली चूक पाहून लगेच सुधारणारा स्वभाव शर्यती जिंकतो — हे मला तेव्हाही कळत होतं. नीट कळत होतं.

मालक एवढंच म्हणाले, "मुलगी जरा कच्ची वाटते, नाही का?" धमकी नाही, दबाव नाही. मला फक्त — पुढच्या वर्षीही त्यांचं बोलावणं हवं होतं. मी लिहिलं : ज्योती स्वभावाने भित्री आहे, शर्यतीसाठी अयोग्य.

तिने ते माझ्यासमोर दोनदा वाचलं. "ठीक आहे," म्हणाली. आणि मी? मी चहा मागवला.

मागच्या महिन्यात ती आईला इकडच्या दवाखान्यात घेऊन आली, आणि मुद्दाम मला भेटायला वर आली. गाडी चालवतेस ना, मी विचारलं.

"नाही, मॅडम. तुमचा कागद वाचला अन् स्टेअरिंगच सोडलं. बरं झालं तुमी सांगितलं, नाहीतर मेलीच असती कुठंतरी."

आभार मानत होती ती. माझे!

मग मात्र राहवलं नाही. मालक, माझी हाव, खोटा अहवाल — सगळं सांगून टाकलं.

"मंग नऊ वर्षं मी काहून डरून राहिली होती?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

ती उठली आणि वळूनही न बघता जिना उतरली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "भावाची गाडी घेतली. खाप्याहून सावनेरपर्यंत एकटीनं नेली." आवाजात राग होता. मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

तिची नऊ वर्षं गेली, ती गेलीच. संघातली ती जागाही गेली. ते माझ्या हातून घडलं. पण ती आता स्वतःला भित्री समजत नाही — आणि फार वर्षांनी मला मोकळा श्वास घेता येतोय.