बुडाला दुसऱ्याची खूण

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही, कारण सगळी माणसं हयात आहेत आणि माझ्यावर रागावलेली नाहीत. ते तसंच राहावं.

बाजाराचा दिवस होता. अशा दिवशी ठाण्यात पाकीटमारी, मोटारसायकल हरवली, बांधावरून डोकी फुटली, एवढंच चालतं. दुपारी ठाण्याच्या फोनवर खबर आली. फोन मीच उचलला. बोलणारा वयस्कर वाटला.

"सायेब, स्टँडच्या मागं कम्प्युटरचं दुकान हाय बघा. तिथं चोरीचा माल इकत्यात."

"कशावरून म्हणता?"

"बुडाला दुसऱ्याची खूण हाय. पुसलीया, पर निघाली न्हाय. वरनं तरणं दिसतंय, पर वयानं जून हाय सगळं."

"तुमचं नाव?"

"नाव कशाला? सोयरीक जमवायची हाय व्हय?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

स्टेशन डायरीला नोंद घेतली, दोन पंच बोलावले आणि छापा घातला. दुकान एका तिशीतल्या माणसाचं होतं. आत एकतीस लॅपटॉप मांडलेले, सगळे वापरलेले. उलटे करून पाहिले तर खरोखरच प्रत्येकाच्या बुडाला कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव आणि नंबर असलेली चिकटपट्टी, काहींवर ती खरवडल्याच्या खुणा. दुकानदार म्हणत होता, "साहेब, बिलं आहेत, पुण्याच्या व्यापाऱ्याची." चोरीच्या मालाचीही बिलं असतात, हे मी आधी मुरुमच्या ठाण्यात असताना पाहिलेलं. त्यामुळे मी ऐकून घेतलं नाही. भर बाजारातून, शे-दोनशे माणसांच्या देखत, माल जीपमध्ये भरून ठाण्यात आणला.

पंचनामा करायला आमचे रायटर हवालदार बसले. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गुरं, भांडी, सोनं, पाण्याच्या मोटारी, सगळ्यांचं वर्णन लिहिलं होतं. लॅपटॉपचं पहिल्यांदाच. त्यांनी लिहिलं: "एक काळ्या रंगाची चपटी वस्तू, पाटीसारखी, मधून उघडते. उघडली असता आत बटणे व आरसा. आरशात पंचांचे तोंड दिसले." हेच एकतीस वेळा लिहायचं होतं. एक पंच चहावाला होता. अकराव्या लॅपटॉपला तो म्हणाला, "सायेब, तिकडं माझं दूध उतू गेलं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराला चौकशीला बोलावलं. तो बिलांची फाइल छातीशी धरूनच आला. मी दरडावून विचारलं, त्याने शांतपणे उत्तरं दिली. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळे लॅपटॉप एकदम बदलतात. जुने व्यापारी घेतात, बॅटरी बदलतात, साफ करतात, नवी मेमरी टाकतात आणि हमी देऊन विकतात. त्याला रिफर्बिश्ड म्हणतात. प्रत्येक यंत्राचा नंबर बिलावर होता. आम्ही चार नंबर जुळवून पाहिले, चारही जुळले. पुण्याच्या व्यापाऱ्याकडे खात्रीसाठी मेल केला.

इतक्यात रायटर हळूच दुकानदाराकडे झुकले. "तो सतरा नंबरचा आहे ना, माझ्या पुतण्याला कसा पडेल?"

मी त्यांच्याकडे पाहिलं तसे ते कागदात शिरले.

माझ्या मनात मात्र त्या खबरीचे शब्द घोळत होते. मी दुकानदाराला विचारलं, "गिऱ्हाईक लॅपटॉप उलटा करून बघतं का?"

"नाही साहेब. सगळे पडदा बघतात. बुड बघणारा एकच आला. एक म्हातारे बाबा, मेंढपाळ आहेत. लेकीला घेऊन आले होते. पोरगी एक यंत्र तपासत होती आणि बाबांनी बाकीचे सगळे एकेक करून पालथे घातले. मग एकाचं झाकण उघडून बटणांवरनं अंगठा फिरवला आणि मला विचारलं, 'हे किती दाती?'"

रायटरांचं पेन थांबलं. तरणं, जून, खूण. मेंढीचं वय दातांवरून आणि मालक कानाच्या खुणेवरून ठरतो. माझा खबरी मला सापडला होता.

त्याला आणायला शिपाई पाठवावा म्हणून हाक मारली, तोवर एक मुलगी दारातून आत आली. विशी-बाविशीची, हातात पावती. तिच्या मागे, उंबऱ्याच्या बाहेर, डोक्याला पटका आणि काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन एक म्हातारा उभा. दुकानदार कुजबुजला, "साहेब, हेच."

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, तुमच्या मुद्देमालात एक लॅपटॉप माझा आहे. परवाच पैसे भरलेत, जास्तीची मेमरी टाकायला दुकानात ठेवला होता. दाखवायचा सगळा प्रोजेक्ट मी परवाच त्यात भरून ठेवलाय. आज दुपारी तीनला माझी नोकरीची मुलाखत आहे, ऑनलाइन. तो मिळाला नाही तर मी त्यांना दाखवू काय?"

घड्याळात दीड वाजला होता. मी तिला बसायला सांगितलं आणि म्हाताऱ्याला आत बोलावलं.

"बाबा, लॅपटॉपला किती दात असतात हो?"

म्हाताऱ्याने पटका सारखा केला. मग सरळ जमिनीवर बसला. खुर्ची दिली तरी घेतली नाही.

"म्या केला फोन," तो म्हणाला.

"आबा!" मुलगी ताडकन उठली.

"ऐकून घे. सायेब, ही पोर दुसऱ्याच्या जुन्या पुस्तकावर शिकली. सायकल जुनी, दप्तर जुनं, युनिफार्मबी मामाच्या पोरीचा. आता नोकरी लागायची, तर तिथंबी कुणाची तरी उतरलेली चीज घेऊन बसायची? चारदा म्हणलं, एक तरी नवं घे. ऐकंना. म्हणलं, दुकानच बंद पडलं तर घील नवं." त्याने घोंगडी सोडली. आत कोरं खोकं होतं. "काल बार्शीवरनं आणलाय. पातळ हाय, पापडावानी."

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "आबा, मी काटकसर म्हणून जुना घेतला नाही. माझं काम नकाशांचं आहे, लई जड असतं. एवढ्याच किमतीच्या नव्यात मेमरी कमी, आणि वाढवायची म्हटलं तर वाढवता येत नाही. नव्याचं तोंड गोरं आहे, पोटात काही नाही. तुम्ही बाजारात मेंढी घेताना रंग बघून घेता का?"

"न्हाय," म्हातारा पुटपुटला.

"आणि या दादांचं दुकान बंद पाडलंत?"

त्याने घोंगडी पुन्हा खोक्यावर ओढली. दुकानदार भिंतीकडे बघत होता. सकाळपासून दोन गिऱ्हाइकांनी त्याला फोन करून 'आमचा माल परत घ्या' म्हटलं होतं.

आता माझी अडचण सांगतो. पुण्याहून खात्री येईपर्यंत मुद्देमाल ठाण्याबाहेर सोडता येत नव्हता. आमच्या ठाण्याचा संगणक सुरू होईपर्यंत चहा मागवून, पिऊन, कप परत जायचा. मी म्हटलं, "आबांचा नवा आहे ना, त्याच्यावरच द्या मुलाखत. ऑनलाइन नकाशा दिसेलच."

म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. त्याने स्वतः खोकं फोडलं. लॅपटॉप सुरू झाला, सुंदर दिसत होता. मग पडद्यावर गोल फिरायला लागला. अपडेट होत होतं. सव्वादोन, अडीच, गोल फिरतोय. आम्ही सगळे त्या गोलाकडे बघतोय.

"काय करतंय ते?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दुरुस्त होतंय, आबा."

"नवंकोरं हाय की! दुरुस्ती कशाला लागती?"

पावणेतीनला मी निर्णय घेतला. चहावाल्या पंचाला पुन्हा बोलावलं, सील उघडल्याचा पंचनामा केला आणि मुद्देमालातला जुना लॅपटॉप माझ्याच केबिनमध्ये, माझ्याच टेबलावर मांडला. वस्तू ठाण्यातच, ताबा माझाच. माझ्या फोनवरून इंटरनेट दिलं. लॅपटॉप लगेच सुरू झाला. जाड, काळा, कोपरे झिजलेले. तीनला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाई दिसल्या.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. मुलीच्या मागच्या भिंतीवर आम्हाला हव्या असलेल्या गुन्हेगारांचे फोटो होते.

बाईंनी विचारलं, "मागे फोटो आहेत, ते तुमच्या कॉलेजचे प्राध्यापक का?"

मुलगी एक क्षण गडबडली. "नाही मॅडम. मी पोलीस ठाण्यात आहे." बाईंच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे, मी काही केलेलं नाही. पोलिसांनी जागा दिलीय."

मी कॅमेऱ्यासमोर जाऊन टोपी सरळ करून "बरोबर आहे" म्हणालो. ते बघून बाई आणखी घाबरल्या असाव्यात.

मग तिने प्रोजेक्ट उघडला. आपल्या भागातल्या मेंढ्यांच्या चाऱ्याच्या वाटांचा नकाशा होता. कुठल्या महिन्यात कळप कुठून जातो, पाणी कुठं, गायरान किती उरलं. ती बोटाने वाट मोठी करून दाखवत होती आणि लॅपटॉप जराही अडखळत नव्हता. म्हातारा दारात उभा होता. हळूहळू तो आत सरकला, टेबलाजवळ आला आणि वाकून बघायला लागला. त्याची स्वतःची वाट होती ती. गेली चाळीस वर्षं चाललेली.

"ही विहीर बुजली की गं," तो एकदम म्हणाला. "आता पानी माळाच्या पलीकडच्या तळ्यावर."

मी त्याला मागे ओढणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "हे कोण बोलले?"

मुलगी म्हणाली, "माझे वडील, मॅडम. ही वाट त्यांचीच आहे."

"त्यांना बसू द्या ना समोर."

जो माणूस माझी खुर्ची घेत नव्हता तो त्या खुर्चीत पंधरा मिनिटं बसून बोलला. कुठं चारा, कुठं कुंपण पडलं, कुठल्या गावचे लोक पाणी पाजू देतात. मुलगी नकाशात खुणा करत गेली. रायटर दारात उभं राहून ऐकत होते, डायरी उघडीच राहिली.

मुलीला ती नोकरी लागली. नवा लॅपटॉप बार्शीच्या दुकानदाराने खोकं फोडलं म्हणून परत घेतला नाही. तो आबांकडेच आहे. तिच्याशी रोज संध्याकाळी बोलायला तो उत्तम चालतो. नवा माल वाईट नव्हता, फक्त त्या कामाचा नव्हता. खोट्या खबरीबद्दल मी आबांचा जबाब घेतला आणि समज देऊन सोडलं. ते दुकानदाराचे पाय धरायला वाकले तेव्हा त्याने वरच्या वर हात धरले.

तीन दिवसांनी पुण्याहून खात्री आली. एकतीसही नंबर चोख. मी दुकानदाराला बोलावलं, पावतीवर सही घेतली आणि म्हटलं, "जीप मागच्या बाजूला लावतो, माल घेऊन जा." तो उठला नाही.

"साहेब, नेलं तेव्हा अख्ख्या बाजारानं बघितलं. आता मागच्या दारानं देताय व्हय?"

छापा घालण्याआधी त्याची फाइल चाळायला पाच मिनिटं पुरली असती. खबर देणाऱ्याला नेमकं काय खुपतंय, हे फोनवर विचारायला त्याहून कमी. दोन्ही मी केलं नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पूर्ण गणवेशात, सहा कर्मचाऱ्यांसह, हातात लॅपटॉप घेऊन ठाण्यापासून स्टँडपर्यंत चालत गेलो. रायटरांनी सतरा नंबरचा स्वतः उचलला होता. गर्दी जमली. दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी मोठ्याने सांगितलं, "तपास झाला आहे. माल सरळ आहे. चूक आमची होती."

नोकरीत ते वाक्य मी प्रथमच चौकात बोललो होतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग आधी बघायचं न्हाय व्हय?" आणि ती बरोबर होती.

तेव्हापासून मी एक नियम पाळला. जे लोकांसमोर जप्त केलं आणि निर्दोष निघालं, ते लोकांसमोरच परत केलं. निवृत्तीपर्यंत आणखी तीनदा तशी वेळ आली. ठाण्यापासून दुकानापर्यंतचं अंतर कितीही कमी असो, परतीच्या मालाचं ओझं हातात असलं की ते फार लांब वाटतं.