धुरपदाबाईनं लावलेली फिट

चारठाण्याजवळच्या त्या गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. अशा ठिकाणी धुरपदाबाई पंधरा वर्षं आरोग्य खात्याची आशाताई म्हणून टिकली ती खोटं बोलण्याच्या जोरावर. कुणाला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या की ती म्हणायची, ताकदीच्या हायेत. कुणाची सून पाळणा लांबवायला दवाखान्यात गेली की हिचं उत्तर तयार, “कंबर धरली तिची.” हे खोटं तिला पुण्याईचं वाटायचं. गावालाही ते सोयीचं होतं, उगाच कशाला नाकारा?

गावातल्या कासाबाईवर शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्या माणसानं जबरदस्ती केली, तेव्हा पोलिसांत तिच्यासोबत धुरपदाबाईच गेली. गुन्हा नोंदला गेला, पण कासाबाईची झोप उडाली. कुणा पुरुषाचा नुसता खोकला ऐकला तरी तिचे हातपाय गार पडत. परभणीच्या मदत केंद्रातल्या पंकजाताईंनी सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून घेतलं. कोर्टाची तारीख असेल त्याच दिवशी पंकजाताई डॉक्टरची वेळही ठरवायच्या, म्हणजे बाईला पुन्हा पुन्हा गावाच्या नजरेखालून जायला नको. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, “शेळ्यांमागं जाणं सोडू नका. तिथं तुमचा जीव रमतो.”

“कुठं न्यायलीस गं हिला सारखं?” स्टँडवर बायांनी विचारलंच.

“फिट येती तिला,” धुरपदाबाई म्हणाली. मनाचा डॉक्टर म्हटलं तर गाव येडी म्हणणार, अन् आरोपीचा वकील तेच धरून बसणार, हा तिचा हिशोब. कासाबाई तेव्हा पलीकडं बाकावर, ऐकू न येण्याइतकी लांब बसलेली होती. संध्याकाळी सासूलाही धुरपदाबाईनं तेच सांगून टाकलं.

करायला गेली एक अन् झालं भलतंच. “रानात पडली तर कोन बघंल?” म्हणत सासूनं शेळ्या काढून घेतल्या. विहिरीवर बाया तिला पाणी शेंदू देईनात. एकीनं तर हुंगवायला चप्पल जवळ ठेवली. नवरा दत्तराव भला माणूस, तोही तिला घराबाहेर सोडेना.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं, “शेळ्या काय म्हणतात?”

“सोडल्या जी. फिटीमुळं.”

“कसली फिट?”

कासाबाई गोंधळली. “समदे म्हनतेत. मला कळत नसंल, पन येत असंल. माझं डोकं कुठं ठिकाणावर हाय?” मग तिनं शेजारी बघितलं. “ताईनीच सांगितलं ना सासूला.”

धुरपदाबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. जिला आधीच स्वतःच्या डोक्याचा भरवसा उरला नव्हता, तिच्या माथी आपण आणखी एक रोग मारला. डॉक्टरीणबाईंनी कासाबाईला नीट समजावलं, फिटबिट काही नाही म्हणून. धुरपदाबाईवर त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकी लाज तिला वाटली.

परतीच्या एसटीनं जिंतूर मागं टाकलं. मग धुरपदाबाई म्हणाली, “कासा, चुकलं माय माझं. तुझ्या भल्यासाठीच बोलले. आता उतरल्या उतरल्या पारावर समद्यांना खरं सांगते. फिट न्हाई, मनाचा डॉक्टर हाय म्हनून. दत्तरावालाबी सांगते.”

कासाबाई खिडकीबाहेर बघत होती. ती वळली, आवाज मात्र चढवला नाही. “त्या मान्सानं मला इचारलं न्हवतं. तुमीबी न्हाई इचारलं. अन् आत्ताबी न्हाई इचारायलाव.”

धुरपदाबाईला वर बघवेना. तशीच तिनं विचारलं, “मंग तूच सांग. काय बोलू मी?”

“कायबी बोलू नका,” कासाबाई म्हणाली. “उद्या शेळ्या घेऊन मी एकटी जाते. बघू द्या गावाला.”