मास्तरांचा परवा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांनी गेल्या एकतीस वर्षांत मला एकही कपडा ठरल्या तारखेला दिलेला नव्हता. हे मी रागाने म्हणत नाही, डायरी बघून म्हणते. रोज एक पान, शाईने, खाडाखोड न करता, ही सवय मला शाळेत सिस्टरांनी लावली ती सुटली नाही. तेव्हा कुठला कोट कधी शिवायला टाकला, कधी मिळायचा होता आणि कधी मिळाला, सगळं लिहिलेलं आहे. मास्तरांचा ठरलेला शब्द ‘परवा’. उद्या म्हटलं तर गिऱ्हाईक खरोखरच उद्या येऊन उभं राहतं, असा त्यांचा अनुभव.

कपडा मात्र उशिरा का होईना, अंगाला बसायचा. कारण मास्तर माया भरपूर ठेवत. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, ती माया. आमच्या ह्यांचं पोट सुटू लागलं तेव्हा हे पँट घेऊन खाली जायचे. “मास्तर, ही आटली का हो?”

“आटलीच साहेब. कापडच तसलं.” मास्तर शिवण उसवायचे, आतली माया बाहेर काढायचे आणि पँट सैल करून द्यायचे. तीनदा केली. पोटाचा उल्लेख दोघांपैकी एकानेही कधी केला नाही.

त्यांचा कुत्रा बॉबिन. पिल्लू असताना दोऱ्याचं रीळ तोंडात धरून अख्ख्या दुकानाला गुंडाळून आला, म्हणून हे नाव. चौदा वर्षं तो शिलाई मशीनखाली, मास्तरांच्या पायांशी झोपला. मशीन चालू असलं की घोरायचा. थांबलं की डोकं वर करून मास्तरांकडे बघायचा, मुकादमासारखा. काम वेळेवर व्हावं असं त्या दुकानात वाटणारा तो एकटाच होता.

यंदा त्याचे मागचे पाय गेले, पाठोपाठ मूत्रपिंडं. प्राण्यांची डॉक्टरीण मास्तरांच्या निम्म्या वयाची, पण स्पष्ट बोलणारी. “काका, औषधांनी व्हायचं तेवढं झालं. इंजेक्शन देऊन त्याला कधी सोडवायचं, ते आता तुम्ही ठरवायचं. रोज कॅलेंडरवर खूण करा. खाल्लं, शेपटी हलवली, तर चांगला दिवस. नाहीतर फुली. आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की फोन करा, मी येईन.”

तीन आठवडे झाले. कुत्रा जागचा हलत नव्हता आणि कॅलेंडरवर एक फुली नव्हती. मग एका दुपारी मास्तरांची बायको जिना चढून वर आली.

“ताई, ह्यांची चोरी पकडली मी. फुली मारतात, पण खडूने! कापडावर खुणा करतात ना, त्या खडूने. आणि सकाळी उठून कॅलेंडरवरून हात फिरवतात. विचारलं तर म्हणे धूळ झटकतोय. लग्नाला चाळीस वर्षं झाली, ह्या माणसाने दुकानातली धूळ कधी झटकली नाही!” हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. “तुम्ही लिहा. तुमचं शाईचं असतं.”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला मास्तर गळ्यातल्या टेपसकट माझ्या दारात.

“बाई, आज चांगला लिहा.”

“काय खाल्लं?”

“खाल्लं असं नाही. अंड्याकडे बघितलं.”

“नुसतं बघितलं?”

“प्रेमाने बघितलं.”

“फुली.”

“अहो, अर्धी तरी द्या. एकच तिरकी रेघ.”

“मास्तर, तुम्ही कधी अर्धी बाही शिवता का?”

“शिवतो की. हाफ शर्टाला.”

हसू आलं, तरी मी पूर्ण फुलीच मारली. दुसऱ्या दिवशी सांगत आले, शेपटी हलली. मागून बायकोचा आवाज आला, “पंखा चालू होता.”

सात दिवसांत सहा फुल्या झाल्या. मी पान त्यांच्यापुढे धरलं. “आता फोन करा.”

“अजून थोडी माया असेल हो बाई. आत कुठेतरी.”

मी उठून कपाटातून जुनी डायरी काढली. ह्यांच्या शेवटच्या आठवड्याची. ‘आज बरे आहेत.’ ‘आज जरा बरे.’ ‘बरे.’ सातही पानं तशीच.

“अक्षर बघा मास्तर, किती देखणं. एक खाडाखोड नाही. आणि एक शब्द खरा नाही.”

“साहेब तेव्हा…”

“डोळे उघडत नव्हते. मीच डॉक्टरांना म्हणायचे, अजून थोडं बघा. ते थोडं माझ्यासाठी होतं.”

मास्तर टेप बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “त्याच्यातली माया संपलीय, बाई. मी आपला माझीच ठिगळं लावतोय.”

“मग कधी?”

“परवा.”

मी यंदाच्या डायरीत परवाचं पान काढलं. “आणि माझा शिवायला टाकलेला करडा कोट?”

“तोही परवा.”

परवाच्या पानावर दोन्ही नोंदी केल्या. कबूल करते, पेन्सिलीने.

ठरल्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरीण आली. मीही खाली गेले. “टेबलावर घेऊ या का, काका?” तिने विचारलं.

“नको. तो तिथेच झोपतो.”

ती मशीनशेजारी जमिनीवर बसली. मास्तर स्टुलावर बसले. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. त्यांनी मशीन चालू केलं. थोड्या वेळाने बॉबिन घोरू लागला, तेव्हा डॉक्टरिणीने इंजेक्शन दिलं. मग त्याचं घोरणं थांबलं. “झालं, काका,” डॉक्टरीण म्हणाली, तरी मास्तरांचे पाय हलतच होते. बायकोने खांद्यावर हात ठेवला तेव्हा मशीन थांबलं. खालून कोणी डोकं वर केलं नाही.

सहाला दार वाजलं. मास्तर, हातात करडा कोट, इस्त्री केलेला. मी त्यांच्यासमोरच डायरी उघडली आणि पेन्सिलीच्या दोन्ही ओळींवरून शाई फिरवली. मग कोट उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं माया.

“मास्तर, आता ह्या वयात मी कुठे फुगणार आहे?”

“असू द्या, बाई. आटलाबिटला तर?”