टाकीच्या भिंतीवरचे सहा आकडे

पहाटे साडेचारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर लागत नसे. पाचला घराबाहेर, साडेपाचला गोदामाच्या आवारात वाळू चाळायला. हाताखाली दोन माणसं होती, तरी वाळू तो स्वतः चाळायचा. मूठभर तळव्यावर चोळायची आणि हात झटकायचा. तळव्याला माती राहिली तर ती वाळू परत चाळणीत. मी त्याच खात्यात सुतार. शहराचं दुरुस्ती खातं. एकतीस वर्षं आमची हत्यारं एकाच गाडीतून गेली.

तो गवंडी होता आणि सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. अंग दोरीसारखं, डोकं वजनासारखं, असं कोणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं. त्याला राग नव्हता. उलट आवडायचं.

त्याची एक सवय होती. जुन्या भिंतीला ठिगळ लावायचं तर गिलाव्याचे दोन हात द्यावे लागतात. पहिला हात ओला असतानाच तो खिळ्याने त्यावर कोरायचा: कितवं ठिगळ, भोक किती बोटं खोल होतं, आणि तारीख. मग वरून शेवटचा हात. बाहेरून काही दिसत नसे. मी एकदा विचारलं, हे वाचणार कोण? तो म्हणाला, उद्या ठिगळ पडलं तर माझं की दुसऱ्याचं ते कळायला नको? त्याचं एकही ठिगळ पडलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे ते आकडे कधी कोणी वाचलेच नव्हते.

तो राहायचा त्या गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. तिच्या कुंपणाची भिंत त्याच्या दारापासून अकरा घरं सोडून. त्या वर्षी गल्लीत महिन्याभरात तीन घरफोड्या झाल्या. लोकांनीच सह्या गोळा करून अर्ज दिला की पोलीस पाठवा. पोलीस आले, बंदुका घेऊन आले.

एका संध्याकाळी सातच्या सुमाराला गल्लीतला कुलूपवाला घरी चालला होता. कोणा बाईची किल्ली कुलपात तुटली होती, ते काम करून. हातात पिशवी, पिशवीत कुलूप उघडायची सळई. टाकीच्या भिंतीपाशी दोन शिपायांनी त्याला हटकलं. त्यानंतर काय झालं यावरच पुढचा सगळा वाद. शिपायांचं म्हणणं, तो पळाला, मग सळई उगारून अंगावर आला. तीन गोळ्या झाडल्या, त्यातली एक हवेत. गल्लीचं म्हणणं, तो कधी मांजरावरसुद्धा धावून गेला नाही. तो मेला हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य होतं.

वाद सलूनात होता, रेशनच्या रांगेत होता, टीव्हीवर तर चोवीस तास होता. घरं फुटलेल्या तिघांपैकी दोघे पोलिसांची बाजू घेऊन भांडत. तिसऱ्याच्या दाराला नवं कुलूप त्याच कुलूपवाल्याने बसवलं होतं. तो तिसरा, वाद निघाला की उठून जायचा.

दोन दिवस भिंतीपुढे ताडपत्री होती. कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला ओळंब्याला आमच्या खात्याच्या मुकादमाचा फोन आला. टाकीची भिंत सातच्या आत नीट करायची. तूच एक या वेळेला उठलेला असतोस, असंही म्हणाला. ओळंब्याने विचारलं, पंचनामा झाला? मुकादम म्हणाला, झाला. कागद दाखव, असं ओळंबा म्हणाला नाही. वाळू चोळून पाहिल्याशिवाय न घेणारा माणूस, पण ते त्याने न चोळता घेतलं.

ताडपत्रीमागे सहा भोकं होती. आतलं शिसं कोणीतरी आधीच टोकरून नेलं होतं, त्यामुळे पंचनामा झाल्याचं त्याला पटलं. मग काम सुरू झालं आणि काम सुरू झालं की त्याला दुसरं काही दिसत नसे. सैल विटकर खरवडून काढली. तार घालून खोली मोजली. भोकं भिजवली. पहिला हात दिला, खिळ्याने आकडे कोरले. भिंतीच्याच पडलेल्या खपल्या कुटून शेवटच्या हातात मिसळल्या, म्हणजे रंग जुळेल. सव्वासातला मुकादम आला तेव्हा त्याला जागा सापडेनात. हात धरून दाखवाव्या लागल्या. मुकादम म्हणाला, बेमालूम. तेव्हा मला बरं वाटलं, असं ओळंब्याने नंतर मला सांगितलं. ते सांगताना तो खाली बघत होता.

इथवर कोणाला काही कळलं नव्हतं. कळलं ते त्याच्या नेकीमुळे. नव्या गिलाव्याला पाणी मारावं लागतं, नाहीतर तो तडकतो. दुसरा कोणी असता तर त्या भिंतीकडे फिरकला नसता. हा संध्याकाळी बादली घेऊन गेला आणि सगळ्या गल्लीदेखत भिंतीवर पाणी मारलं. जुना भाग लवकर वाळतो, नवा उशिरा. थोड्या वेळाने भिंत कोरडी झाली आणि सहा ओले डाग उरले.

समोरच्या पायरीवर कुलूपवाल्याची आई बसली होती. गल्ली तिला मावशी म्हणते. तिने ते मोजले. दुसऱ्या दिवशी सरकारी निवेदन छापून आलं: तीन गोळ्या, एक हवेत.

मावशी त्याच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. विचारलं, "भाऊ, किती होती?"

तो म्हणाला, "मुकादमाला विचारून सांगतो."

हे वाक्य त्याला अजून टोचतं. भोकं त्याने भरली, हात त्याचे, आणि आकडा मुकादमाला विचारायचा.

त्या दिवसापासून गल्ली त्याच्याशी बोलेनाशी झाली. बायको नळावर गेली की बायकांच्या गप्पा थांबत. सलूनवाल्याने त्याची दाढी केली, पण आरशातून दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "भिंतीला कान असतात म्हणे. आपल्याकडे एक कारागीर आहे, तो तेपण बुजवून देतो." सगळे हसले. गालावर साबण, गळ्यात फडकं, समोर वस्तरा. उठून कुठे जाणार?

सरकारने चौकशी नेमली. एक निवृत्त न्यायाधीश बाई शाळेच्या सभागृहात जबान्या घेऊ लागल्या. मावशीने ओळंब्याचं नाव दिलं. बोलावणं खात्यामार्फत आलं, म्हणजे आधी मुकादमाने वाचलं. त्याला बाजूला घेऊन मुकादम म्हणाला, "भोकं बुजवलीस तसं तोंडपण बुजव. अकरा महिने राहिलेत तुझे."

नोकरीचं तो सोसू शकला असता. पण त्याची एकुलती एक मुलगी गोळ्या झाडणाऱ्या दोघांच्याच ठाण्यातल्या शिपायाला दिली होती. जावई त्या दोघांतला नव्हता. माणूस चांगला. रविवारी दोघं आली. जावयाने आवाज चढवला नाही.

"मामा, त्यातला एक माझ्याबरोबर भरती झालाय. चौदा तास उभा होता त्या दिवशी. पोलीस पाठवा म्हणून अर्ज तुमच्याच गल्लीने दिला ना? खोटं बोला असं मी म्हणत नाही. आठवत नाही, एवढंच म्हणा."

मुलगी भांडी आवरत होती. पाठ न वळवता म्हणाली, "बाबा, आम्हाला तिथेच राहायचंय."

सोमवारी कामावर त्याने मला हे सांगितलं. मी विचारलं, मग काय करणार? तो म्हणाला, अडकित्त्यातल्या सुपारीला कोण विचारतं? मग माझी चौकट भिंतीत बसवायची होती, ती बसवली. अर्धं सूत फरक होता, तरी काढून परत बसवली.

जबानीला मी बरोबर गेलो होतो. सभागृह भरलेलं. एका बाजूला गल्ली, दुसऱ्या बाजूला पोलिसांच्या घरचे. मुलगी त्या बाजूला होती. मधल्या वाटेने तो पुढे गेला. बसायला खुर्ची दिली होती, पण तो उभाच राहिला.

बाईंनी विचारलं, किती भोकं बुजवलीत? तेवढ्या वेळात आठवत नाही म्हणता आलं असतं. तो थोडा थांबलाही. मग म्हणाला, सहा. पोलिसांचा वकील उठला. म्हणाला, अंधारात घाईचं काम, सहा की तीन हे नक्की कसं सांगता? गवंडी आहात की गणिताचे मास्तर?

लोक हसले. तो हसला नाही.

"गवंडी आहे. म्हणून मोजतो."

बाईंनी उंची विचारली. त्याने स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवलं. चार इथे, छातीपाशी. मग वाकला आणि गुडघ्याखाली हात लावला. दोन इथे. खाली पडलेल्या माणसावरच गोळी तितकी खाली झाडतात, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

वकिलाने पुरावा मागितला. तो म्हणाला, माझ्या गिलाव्याखाली आहे. मग त्याने आकड्यांची सवय सांगितली. भिंत उघडण्याचा हुकूम काढते, असं बाई म्हणाल्या. हुकूम टपालाने खात्याकडे निघाला आणि वाटेतच राहिला. त्याच आठवड्यात मुकादमाने आवारात सांगितलं की टाकीची सगळी भिंत खरवडून नव्याने करायची आहे. बाहेरचा ठेकेदार, मंगळवारपासून. सुशोभीकरण.

सोमवारी सकाळी त्याने बाईंच्या कचेरीत निरोप ठेवला, की आज दहाला भिंत उघडतो. मग आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम उशिरा कामाला लागला. दहा वाजता, लख्ख उन्हात, गल्ली जागी असताना. बारीक छिन्नी, हलकी हातोडी. मी भिंतीपाशी पोचलो तेव्हा बाईंचा कारकून कॅमेरा घेऊन आला होता. बंदोबस्ताला ठाण्यातून दोन शिपाई पाठवले होते. त्यातला एक जावई. कोणी ठरवून पाठवला की पाळीच त्याची होती, ते मला माहीत नाही. तो दहा पावलांवर काठी टेकून उभा राहिला. कॅमेऱ्यापुढे कोणी थांब म्हणालं नाही.

गिलावा पाडणं सोपं असतं. वरचा हात काढायचा आणि खालच्या हाताला ओरखडा येऊ द्यायचा नाही, हे अवघड. आधी मनगटावर छिन्नी तोलायची, मग टिचकीएवढा घाव. त्याला कुठे मारायचं ते शोधावं लागलं नाही. वीस मिनिटांनी पहिला आकडा निघाला: एक, तीन बोटं, तारीख. कारकुनाने फोटो घेतला. लोक पुढे सरकले. त्याने हातानेच मागे व्हा म्हटलं, धूळ डोळ्यांत जाईल. शेवटच्या दोन ठिगळांसाठी तो जमिनीवर आडवा झाला. दोन तास दहा मिनिटं लागली. सहा आकडे निघाले, एकही तडकलेला नाही.

मावशी जवळ आली. तिने आकड्यांवरून बोट फिरवलं, सगळ्यात खालच्यासाठी ती बसली. उठताना म्हणाली, "भाऊ, बुजवलंस ते त्यांच्यासाठी. आता उघडलंस ते कोणासाठी? पोरगा तर गेला."

त्याने हत्यारं पुसून पिशवीत टाकली. वळला तर जावई त्याच्याकडे बघत होता.

तिसऱ्या दिवशी जावयाची बदली झाली, रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब. मुलगी जाताना आईला भेटली, घराच्या मागच्या दाराने. याला नाही. परवानगीशिवाय सार्वजनिक भिंत फोडली म्हणून खात्याने याला घरी बसवलं आणि मुदतीआधी निवृत्त केलं. गल्लीतले काही बोलू लागले. सलूनवाला पैसे घेईना, तेव्हा याने दुसरं सलून धरलं. चौकशीचा अहवाल सरकारकडे गेला आहे, असं ऐकतो. ते दोन शिपाई नोकरीवर आहेत. टीव्हीवर आता दुसरा वाद चालू आहे.

तो अजून साडेचारला उठतो. चाळायला वाळू नाही. दारात बसतो. तिथून अकरा घरांपलीकडे भिंत दिसते, खुर्ची फिरवली तरी येता-जाता दिसतेच, कारण गल्लीतून बाहेर पडायची वाट तिच्यापुढूनच आहे.

ठेकेदाराच्या माणसांनी भिंत तीन दिवसांत उरकली. वाळू तशीच, न चाळलेली. पाणी एकदाच मारलं. वरच्या बाजूला गिलावा दोन बोटं पुढे आलाय. ओळंबा न सोडता मला दिसतो, तर त्याला दिसत नसेल का? त्या कामाचा खर्च, नुकसानभरपाई म्हणून, त्याच्या शेवटच्या पगारातून कापला. एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा पगार त्या गिलाव्याला गेला.