सरांनी कापलेली तिसरी पिन

निवृत्त झाल्यावर सरांनी चाकांवरचं घर म्हणावं अशी गाडी घेतली. आत पलंग, शेगडी, एसी, सगळं. जग बघायचं होतं. पण पहिल्याच दिवशी फाटकातून काढताना आरसा घासला आणि तेव्हापासून गाडी अंगणात आणि सर गाडीत. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवल्यामुळे कुणाला काही विचारायची त्यांना सवय उरली नव्हती.

गाडीला वीजसुद्धा त्यांनी स्वतःच दिली. स्वयंपाकघरातला प्लग जुना, दोन भोकांचा. गाडीच्या वायरीला पिना तीन. सरांनी पक्कड घेतली आणि जाड पिन मुळापासून उडवली.

"ही अर्थिंगची. अडाणी लोकांसाठी असते," त्यांनी बायकोला समजावलं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंना गाडीच्या दाराला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या.

"अहो, करंट लागतोय मला."

"टायर रबरी आहेत. करंट लागणं शक्यच नाही. मनाचे खेळ आहेत तुझे." सरांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकृतीही काढून दाखवली. झिणझिण्या थांबल्या नाहीत. आकृती मात्र सुबक होती.

महिनाभरात स्वयंपाकघरातला प्लग काळा पडला, जळका वास यायला लागला. बाईंनी न विचारता वायरमनला बोलावलं. त्याने दाराच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला.

"टायर रबरी आहेत!" सर आतूनच ओरडले.

"म्हणूनच तर, सर. गाडीत कुठेतरी वायर पत्र्याला लागतेय. ती वीज जमिनीत न्यायला तिसरी पिन होती. आता काकूंच्या अंगातून जाते."

"मग मला का नाही लागला तो कधी?"

"चपला काढून उतरा बरं."

सर पायरीपर्यंत आले. पायातल्या जाड रबरी चपलांकडे त्यांनी पाहिलं. चपला काही काढल्या नाहीत.

वायरमनने मेन बंद केला. आधी गाडीतली सोललेली वायर बदलली. मग मेन बोर्डापासून पाइपातून वेगळी जाड केबल आणली, तिला स्वतंत्र एमसीबी बसवला, करंट गळला की क्षणात पडणारा स्विच बसवला, बाहेर झाकणाचा तीन भोकांचा प्लग लावला आणि गाडीच्या वायरीला नव्या तीन पिना बसवल्या. जमिनीत अर्थिंग घातलं आणि मीटर लावून तपासलं. सर पूर्ण वेळ शेजारी उभे राहून सूचना देत होते. एकही कुणी ऐकली नाही.

वायरमन गेल्यावर बाईंनी अनवाणी उभं राहून दाराला हात लावला. काही झालं नाही. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आवाज वर्गातलाच निघाला.

"एवढा करंट लागत होता, तर दिवसातून दहादा दार उघडायला कशाला येत होतीस?"

"आत तुम्ही होतात ना," बाई म्हणाल्या. "जिवंत आहात का, ते बघायला नको?"