हळदकुंकवाच्या बोटांचा गंज

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुपारी, उत्तरपूजा झाल्याझाल्या, पाथर्डीतल्या एका पतसंस्थेत रखवालदार असलेल्या माझ्या अंबादासमामावर अन्याय झाला. आज मामा नाही, म्हणून आधी हेच लिहितो. गेल्या महिन्यात मामीचा फोन आला, "झोपेतच गेले रे..." तेव्हा रडू यायच्या आधी मनात आलं, बरं झालं, डाग घेऊन गेला नाही. ऐकायला वाईट वाटेल. पण खरं आहे ते.

मामा फौजेतून निवृत्त. दसरा झाला की आमच्या गावातून ऊसतोडीच्या गाड्या भरतात. त्या गाडीत बसायचं नाही म्हणून तो पळून जाऊन भरती झाला होता. परत आल्यावर स्वतःच्या परवान्याचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून पतसंस्थेच्या दारात उभा राहिला. एकदाही झाडलं नाही, पण रोज पुसायचा. कारण त्यावरचा निळसर काळा मुलामा म्हणजे नुसती साय. घाम लागला, चामडी कव्हरात ओल राहिली, की साय जाते आणि लोखंड उघडं पडतं.

खंडेनवमीला पतसंस्थेत तिजोरीच्या किल्ल्या, शिक्के, कॉम्प्युटर यांच्याबरोबर मामाचं रिव्हॉल्व्हरही पाटावर मांडायचे. चेअरमन त्यावर ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढायचे, नारळाचं पाणी शिंपडायचे. आणि एकदा मांडलेलं शस्त्र दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, असा रिवाज. "जरा पुसून ठिवू का, सायेब?" "अहो मामा, पूजेतलं हलवतात का?" मामाही देवभोळा, मान हलवून काठी उचलायचा. त्या रात्री पतसंस्थेची राखण काठीनं व्हायची. याचं हसू एकाही संचालकाला कसं आलं नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

वर्षानुवर्षं हे चाललं, साय दरवर्षी थोडी थोडी जात राहिली. त्या दसऱ्याला मात्र पाटावरून उचललेल्या रिव्हॉल्व्हरची गोळ्यांची चक्री फिरेना, आणि अंगावर तांबडे डाग. चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला स्वतःचं हत्यार सांभाळता येत नाही, तो लोकांच्या ठेवी काय सांभाळणार?" मामाला घरी बसवलं.

मी तेव्हा रखवालदारांना बसायला खुर्ची मिळावी म्हणून पत्रकं वाटत हिंडत होतो. लगेच दोन पानी पत्रक लिहून मामापुढं धरलं. त्यानं शांतपणे वाचलं. "शिव्या लई हायेत रं ह्यात. मुद्दा कुठं हाय?" मला राग आला, पण मुद्दा खरंच नव्हता. मग आम्ही नगरला, परवाना असलेल्या बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं भिंग लावून पाहिलं आणि हसला. "ही पूजा कोणी केली?" गंज मनाला येईल तिथं नव्हताच. नळीवर तीन पट्टे, मुठीजवळ तीन, बोटांनी ओढलेले, आणि चक्रीच्या फटीत नारळाचं पाणी मुरलेलं. लाकडी मूठ खोलली तर आतलं लोखंड काळंभोर, कारखान्यातून आलं तसं. जिथं पूजा पोचली नव्हती, तिथं मामाची निगा दिसत होती.

तसंच ते हत्यार आम्ही चेअरमनच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी आपली तीन बोटं डागांवर टेकवली. बरोबर बसली. मग हात मागे घेऊन म्हणाले, "मामा, उद्यापासून या."

"माफी मागा ना," मी म्हणालो.

"तू गप रं," मामा म्हणाला. "बोटं बसली न्हवं?"

मग नवा मुलामा चढवायचा ठरला. दुरुस्तीवाल्यानं समजावलं, निकेल दिसायला देखणं, पण कडेनं ओल शिरली की पापुद्रे सुटतात. कडक क्रोम चढवू, कव्हरात घासून लवकर झिजत नाही, घामाला दाद देत नाही. कोरलेला नंबर बुजणार नाही याची काळजी घेतो, फक्त आतून तेल द्यायचं सोडू नका. चकचकीत करू की मंद? मामा म्हणाला, "मंदच करा. लोकांनी माज्याकडं बघावं, त्याच्याकडं न्हाई."

माणूस गेला की त्याचं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. मामी आणि मी गेलो. मला एकच धास्ती, पुन्हा कुणी 'गंजलेलं' म्हटलं तर? हवालदारानं कव्हरातून काढलं, नंबर ताडून पाहिला, चक्री फिरवली. "नवं हाय का?"

"जुनंच हाय," मामी म्हणाली. "मुलामा चढवल्यापासून दसऱ्याचं हळदकुंकू बी पचवून बसलंय."

हवालदार हसला आणि लिहिलं, सुस्थितीत. बाहेर आल्यावर मामीनं पदरानं तोंड पुसलं. "डागातून सुटले बघ," म्हणाली. मीही सुटलो.

पण प्रत्येक रखवालदाराला असा मुलामा परवडत नाही, आणि प्रत्येक डागावर बोटं इतकी स्पष्ट उमटत नाहीत. तेव्हा तुमच्या बँकेच्या, कारखान्याच्या, सराफी दुकानाच्या दारात जो उभा आहे, त्याचं हत्यार येत्या खंडेनवमीला मागून घ्याल तेव्हा फूल वाहा, हळदकुंकू पाटाला लावा. आणि उत्तरपूजेची वाट न बघता ते त्याच्या हातात द्या. त्याला पुसू द्या.